धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे? दुरुस्ती, घर रिकामे करणे आणि पाडकाम : पायरीपायरीने

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर होतात. आपल्या इमारतीचे नाव यादीत दिसले की जिन्यात पहिला प्रश्न येतो तो ‘इमारत खरंच पडेल का?’ हा नसतो. ‘घर जाईल का?’ हा असतो. आमच्याकडेही तेच झाले. दारावर नोटीस चिकटवून माणूस निघून गेला. त्या रात्री सगळे गच्चीवर जमले, पण तळमजल्याच्या कॉलमला गेलेल्या तड्याचा विषय कोणीच काढला नाही. बोलणे चालले होते ते पागडी, मालक आणि बिल्डर यांचे.

ही भीती खोटी नाही. पण तिच्यापायी माणसे पडायला आलेल्या स्लॅबखाली स्टे घेऊन राहतात. म्हणून सुरुवातीलाच सांगते : इमारत रिकामी करण्याचा आदेश तुमच्या तिथे राहण्यापुरता असतो, हक्कापुरता नसतो. मालकी, भाडेकरू म्हणून असलेला हक्क, नव्या इमारतीतली जागा हे सगळे कागदावर राखता येते, आणि त्यासाठी आत राहावे लागत नाही. ते कसे राखायचे हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. तो मुख्यतः मुंबईला धरून आहे. राज्यातल्या इतर शहरांत कलमांचे आकडे बदलतात, वाट साधारण हीच राहते.

आधी नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

नोटीस कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आली आहे, हे सर्वांत आधी बघा. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चे कलम ३५४ हे पडायला आलेल्या, धोकादायक बांधकामासाठी आहे. त्याखाली पालिका मालकाला किंवा राहणाऱ्याला इमारत पाडा, सुरक्षित करा किंवा दुरुस्त करा असे सांगू शकते. मुंबईबाहेरच्या महापालिकांत हेच काम महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली होते.

इथे एक गोंधळ वारंवार होतो. ३५४-अ हे वेगळे कलम आहे. ते चालू असलेले अनधिकृत काम थांबवण्यासाठी असते. ३५१ ची नोटीस बिनपरवाना बांधकामाबद्दल असते, नगररचना कायद्याच्या कलम ५३ चीही तशीच. धोकादायक असणे आणि अनधिकृत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची उत्तरेही वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी बंधनकारक केली. तो निकाल अनधिकृत ठरवलेल्या बांधकामांच्या संदर्भातला आहे. तो हातात धरून सी-१ (अतिधोकादायक ठरलेल्या) इमारतीत बसून राहता येईल, असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

नोटिशीची तारीख, ती कोणाच्या नावाने आहे, कोणत्या अधिकाऱ्याची सही आहे आणि किती मुदत दिली आहे, हे वहीत लिहून ठेवा. चिकटवलेल्या नोटिशीचा दारासकट फोटो काढा. पुढे ‘नोटीस मिळालीच नाही’ किंवा ‘मुदत संपली होती’ यावर वाद झाला तर तो फोटो उपयोगी पडतो.

शहर बेटावरच्या, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या, जुन्या इमारतीत राहत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा : इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी, आहे का? १९६९ पर्यंत बांधलेल्या, भाडेकरू असलेल्या अशा हजारो इमारती म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे येतात. त्यांच्यासाठी दार वेगळे आहे. दुरुस्तीसाठी मंडळाकडे जायचे, आणि रिकामी करायची वेळ आली तर संक्रमण शिबिरातली तात्पुरती जागाही तिथेच मागायची. बिगर-उपकरप्राप्त इमारतीला हा आधार नाही. खासगी इमारतीतल्या प्रत्येकाला पालिका पर्यायी घर देईलच, असे धरून चालू नका. नातेवाईक, भाड्याची खोली, सामान ठेवायची जागा यांची सोय नोटीस आल्याच्या आठवड्यातच बघायला घ्या.

सी-१ की सी-२ : सगळे त्यावर ठरते

नोटिशीत किंवा तिच्यासोबतच्या अहवालात इमारतीचा वर्ग दिलेला असतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची किंवा काही भाग पाडायचा. सी-२ब मध्ये माणसे न हलवता संरचनेची दुरुस्ती करता येते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

सी-२ब किंवा सी-३ असेल तर न्यायालयाची वाट धरण्याआधी वर्गणीची बैठक घ्या. पैसे जमवणे कठीण असते हे मला ठाऊक आहे, पण ज्या इमारती सी-२ब मध्ये असताना सात-आठ वर्षे भांडत बसतात त्याच पुढे सी-१ होतात. गजाला गंज चढला की तो फुगतो, काँक्रीटला आतून फोडतो, प्लास्टर सुटते, आणि उघड्या गजाला पावसाचे पाणी आणखी लागते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे आणखी वेगाने होते. बाहेरून गिलावा मारून हे झाकले जाते, थांबत नाही.

भाडेकरू असाल आणि मालक दुरुस्तीला तयार नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ वाचा. घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने हयगय केली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाला जास्तीत जास्त वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश इतकाच. पागडीचे भाडे इतके कमी असते की ही तरतूद पैशाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे. तरी ती नोटीस पाठवाच. मालकाला वेळेवर कळवले होते याचा पुरावा त्यातून उभा राहतो, आणि न्यायालयात दुरुस्तीची परवानगी मागताना तोच कामी येतो.

ऑडिटमध्ये काय बघायचे

मुंबईत तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची पालिकेकडे नोंद असलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे कलम ३५३-ब प्रमाणे मालकावर किंवा राहणाऱ्यांवर बंधनकारक आहे. इतर महापालिकांत हेच कलम २६५-अ मध्ये आहे. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीसाठी दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितले आहे. बहुतेक ठिकाणी ते नोटीस आल्यावरच होते, आणि मग ज्याने पैसे दिले त्याच्या बाजूचा अहवाल येतो, असा संशय सगळ्यांच्याच मनात असतो.

म्हणून अहवालाचे शेवटचे पान न बघता मधली पाने बघा. कोणत्या चाचण्या केल्या? रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटीने काँक्रीट किती घट्ट आहे ते कळते. हाफ-सेल पोटेन्शियलने गजाला गंज लागण्याची शक्यता कळते. कार्बोनेशनच्या चाचणीने हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये किती खोल गेला ते दिसते. कोअर काढून प्रयोगशाळेत दाबून पाहिले की खरी ताकद समजते. चाचण्या कुठे घेतल्या, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. तळमजल्याचे कॉलम सगळा भार घेतात. वरच्या मजल्यावरच्या दोन गॅलऱ्यांचे फोटो लावून संपूर्ण इमारत सी-१ ठरवली असेल तर तो अहवाल अपुरा आहे. कॉलमना हातही न लावता ‘दुरुस्तीने चालेल’ असे लिहिले असेल तर तो अहवाल जास्त घातक आहे.

आमच्या वेळी दोन अहवाल आले, मालकाचा सी-१ आणि रहिवाशांचा सी-२अ. अशा वेळी प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. तिला सगळे टॅक म्हणतात. समिती दोन्ही अहवाल बघते, जागेची पाहणी करते आणि वर्ग ठरवते. तिच्यासमोर जाण्याआधी तुमच्या अभियंत्याला सोबत घेऊन घरोघरी फिरा आणि आतून प्रत्येक कॉलम-बीमचे फोटो मजला व खोली क्रमांकासह काढा. लोक फॉल्स सीलिंग, कपाटे, टाइल्स यांनी कॉलम झाकून टाकतात. ते उघडे करून दाखवायला सांगा. या फेरीत आम्हाला एका दुकानात कॉलम तासून बारीक केलेला सापडला, आणि आमच्यापैकी बऱ्याच जणांचा सी-२अ चा आग्रह त्याच संध्याकाळी संपला. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ ला कोसळली तेव्हा तिच्या तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते. १७ माणसे गेली. ही बातमी आम्ही सगळ्यांनी वाचली होती, तरी आपल्या इमारतीत कोणी कॉलमला हात लावला असेल असे आम्हाला वाटलेच नव्हते.

घर सोडण्याआधी करायचे काम

लेखातला हाच भाग सर्वांत जपून वाचा.

मुंबई उच्च न्यायालयाने २३ जून २०१४ ला धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. त्या प्रकरणात याचिका खुद्द महापालिकेची होती, कारण लोक घरे सोडत नव्हते आणि इमारती पडत होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी, ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याच्या लकी कंपाउंडमध्ये ७४ जण आणि २७ सप्टेंबरला डॉकयार्ड रोडच्या बाबू गेनू मार्केटजवळच्या पालिकेच्याच इमारतीत ६१ जण गेले होते. न्यायालयाने एकीकडे पालिकेला पोलिसांच्या मदतीने अतिधोकादायक इमारत रिकामी करण्याची, वेळ पडल्यास वीज-पाणी तोडण्याची मोकळीक दिली. दुसरीकडे राहणाऱ्यांच्या हक्कांना कुंपणही घातले. इमारत रिकामी केली किंवा पाडली म्हणून भाडेकरू, रहिवासी आणि मालक यांच्या आपसातल्या हक्कांना बाधा येत नाही. पाडण्याआधी कोण कुठे राहतो आणि प्रत्येकाची जागा किती, याची यादी मोजमापासह व्हायला हवी. आणि भाडेकरूंशी नव्या इमारतीतल्या कायम जागेचा करार किंवा तडजोड झाल्याशिवाय मालकाला पुढच्या बांधकामाचे प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, मिळू नये.

पुढे सगळा भार त्या यादीवर येतो. म्हणून यादीत तुमचे नाव, खोली क्रमांक, मजला, वापर (राहते घर की दुकान) आणि चटई क्षेत्र (आतली वापरायची जागा) बरोबर लिहिले आहे का, हे मोजणीच्या वेळी स्वतः उभे राहून बघा. माळा, बाल्कनी, स्वतंत्र संडास असेल तर त्याचे माप वेगळे लिहून घ्या. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बॅग भरून दारात बसल्या होत्या. फीत घेऊन माणूस येईपर्यंत त्या उठल्या नाहीत. त्यांची खोली दिराच्या नावावर होती आणि राहत होत्या त्या. त्यांनी मोजणीच्या कागदावर ‘ताबा’ या रकान्यात स्वतःचे नाव लिहून घेतले आणि मगच बाहेर पडल्या. नाव कोणाचे आणि ताबा कोणाचा, या दोन्ही गोष्टी कागदावर हव्यात.

पालिकेचा माणूस मोजायला आलाच नाही तर तुम्ही वास्तुविशारदाकडून मोजून घ्या, नकाशा करा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि वॉर्ड ऑफिसात सहाय्यक आयुक्तांच्या नावे अर्जासोबत जमा करून पोचशिक्का घ्या. भाडेपावत्या, वीजबिल, शिधापत्रिका, मतदार यादीतले नाव, जुना करार, वारस असाल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद, सगळ्याचे दोन संच करा. एक मुंबईबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा. प्रत्येक खोलीचा दारापासून आतपर्यंत व्हिडिओ काढा. किल्ली देताना ‘ताबा सोडत आहे’ अशा कोणत्याही कागदावर सही करू नका. ‘कलम ३५४ च्या नोटिशीनुसार, माझे सर्व हक्क राखून, सुरक्षिततेसाठी जागा रिकामी करत आहे’ एवढेच लिहून द्या.

कायद्याचा आधारही पक्का आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २०१४ मध्ये शाह रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या प्रकरणात, पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे ठरवले. मालक ‘आता इमारतच नाही, तर भाडेकरू कसले’ असे म्हणाला तर वकिलाला हा निकाल दाखवायला सांगा.

न्यायालयात जायचे असेल तर

तीन कारणांनी लोक जातात आणि कोणत्या दारी जायचे ते कारणावर ठरते.

नोटीसच चुकीची आहे, सुनावणी दिली नाही किंवा टॅककडे प्रकरण न नेताच सी-१ ठरवले, असे म्हणणे असेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका होते किंवा शहर दिवाणी न्यायालयात दावा करून तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. मालक दुरुस्ती करू देत नाही किंवा पाणी तोडतो, असा भाडेकरू-मालकातला वाद असेल तर लघुवाद न्यायालय. आणि पालिका धोकादायक इमारतीकडे डोळेझाक करते आहे, असे असेल तर तिला कारवाई करायला लावण्यासाठीही उच्च न्यायालयात जाता येते. हा तिसरा मार्ग फार थोडे लोक वापरतात. भिवंडीची जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० ला पहाटे कोसळल्यावर उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. प्रश्न किती गंभीर आहे हे न्यायालयाला पटवून द्यावे लागत नाही. तुमच्या इमारतीची माहिती त्याच्यापुढे जावी लागते.

न्यायालय काय करते, हे आधी समजून घ्या म्हणजे निराशा होत नाही. न्यायमूर्ती स्वतः कॉलम तपासत नाहीत. तज्ज्ञ समितीचा अहवाल सी-१ म्हणत असेल आणि समितीने काम रीतसर केले असेल, तर न्यायालय सहसा त्यात हात घालत नाही. समितीने तुमचा अहवाल बघितलाच नाही किंवा चाचण्यांविनाच निष्कर्ष काढला, असे दाखवता आले तर प्रकरण पुन्हा तिच्याकडे पाठवले जाऊ शकते. मधल्या काळासाठी स्थगिती मिळाली तरी बहुतेक वेळा हमीपत्र द्यावे लागते : आम्ही आमच्या जबाबदारीवर राहतो, काही झाले तर दोष आमचा. त्या कागदावर सही करण्याआधी घरातल्या मुलांकडे एकदा बघा. तळमजल्याला टेकू लावलेले असताना मी कोणालाही ती सही करा असे सांगणार नाही.

त्याऐवजी न्यायालयाकडे जे मिळण्याजोगे आहे ते मागा. रिकामे करायला ठराविक आठवड्यांची मुदत, पाडण्याआधी मोजणी आणि यादीची प्रत, मालकाला नवे बांधकाम किती दिवसांत प्रस्तावित करायचे त्याची कालमर्यादा, तोवर भूखंडावर तिसऱ्याचा हक्क निर्माण करायला मनाई. सी-२अ असेल तर रहिवाशांना स्वखर्चाने, नोंदणीकृत अभियंत्याच्या देखरेखीखाली दुरुस्तीची परवानगी. अशा मागण्यांना न्यायालय बराच प्रतिसाद देते, कारण त्यात कोणाचा जीव टांगणीला लागत नाही. आदेश मिळाला की प्रमाणित प्रत काढा आणि त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात द्या. ऑर्डर झाली आहे हे अधिकाऱ्याला आपोआप कळते, अशा भरवशावर राहू नका.

पाडकाम झाल्यावर

पाडण्याचा आणि टेकू लावण्याचा खर्च पालिकेने केला तर ती तो वसूल करू शकते, त्यामुळे बिल कोणाच्या नावावर निघते ते बघा. रिकामा भूखंड झाला की मालक गप्प बसतो, ही सगळ्यांत सामान्य तक्रार आहे. भाडेकरूंनी लगेच संघटना नोंदवावी किंवा प्रस्तावित गृहनिर्माण संस्था करावी, एकेकटे फिरू नये. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये कोसळलेल्या किंवा कायदेशीर आदेशाने पाडलेल्या इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी नियम ३३(६), उपकरप्राप्त इमारतींसाठी ३३(७) आणि बिगर-उपकरप्राप्त पण भाडेकरू असलेल्या मोडकळीच्या इमारतींसाठी ३३(७)(अ) आहे. तुमची इमारत कशात बसते यावर तुम्हाला मिळणारे क्षेत्रफळ आणि प्रोत्साहनपर चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा) ठरते, म्हणून बिल्डरशी बोलण्याआधी हे स्वतंत्र वास्तुविशारदाकडून समजून घ्या.

दर तीन महिन्यांनी इमारत प्रस्ताव विभागात भूखंडाच्या सर्व्हे क्रमांकावर आराखडा दाखल झाला आहे का, हे विचारा, आणि माहिती अधिकारात लेखी उत्तर मागा. आराखडा दाखल झाल्याचे कळले की मोजणीची यादी, तुमचा अर्ज आणि पोचशिक्का जोडून हरकत नोंदवा : या भूखंडावर अमुक इतके भाडेकरू आहेत, करार झाल्याशिवाय प्रारंभ प्रमाणपत्र देऊ नये. आमच्या काकूंच्या यादीतल्या त्या एका ओळीमुळे बिल्डरच्या पहिल्या मसुद्यात नसलेले त्यांचे नाव दुसऱ्या मसुद्यात आले, दिराच्या नावाशेजारी, चटई क्षेत्रासह.